भाकरीच्या वासाची पिशवी

तीस वर्षं माझ्या शर्टाच्या खिशात लायटर होता, आणि आयुष्यात मी एकही बिडी ओढलेली नाही. लग्नानंतर सहा महिने बायकोला हे खरं वाटत नव्हतं. ती रोज माझ्या शर्टाचा वास घ्यायची आणि विचारायची, "सिगरेट नहीं पीते तो फिर जलाते क्या तुम?" मी प्लॅस्टिक जाळत होतो. चिमटीत धरून, एवढंसं, नाकाजवळ नेऊन. डॉक्टर त्यावरून अजून ओरडतात, तेव्हा कुणी घरी करून बघू नका.

चिकलठाण्याला एमआयडीसीच्या कडेला असलेल्या एका दाणा कारखान्यात मी मुकादम होतो. दाणा म्हणजे ज्वारीचा नव्हे. तुम्ही फेकलेली दुधाची पिशवी फिरत फिरत आमच्याकडं येते. ती निवडायची, धुवायची, वाळवायची आणि मशीनमध्ये घालून वितळवायची. मशीनच्या तोंडातून तिच्या शेवया निघतात, पाण्याच्या हौदातून गार होत पुढं सरकतात आणि कटर त्यांचे बारीक तुकडे करतो. तो आमचा दाणा. त्याचे पाइप होतात, घमेली होतात, काळे टब होतात. मशीन कुणीही चालवील. सगळा जीव असतो तो निवडण्यात, कारण एका प्रकारच्या मालात दुसऱ्या प्रकारचा मूठभर माल गेला तरी अख्खी खेप हातची जाते.

निवडायचं काम बायांचं. आमच्या शेडमध्ये दहा-बारा जणी होत्या आणि त्यांच्या हातांना जे कळायचं ते इंजिनिअरला कळत नाही. दुधाची पिशवी चुरगाळली तर गप्प राहते, बाजाराची पातळ पिशवी कुरकुर करते. कानाला नाही कळलं तर लायटर. दुधाच्या पिशवीला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो. नायलॉनला केस जळल्याचा. आणि एक प्रकार असा आहे, की त्यानं डोळ्यांतून पाणीच काढलं पाहिजे.

प्रत्येकीची एक चिंधी ठरलेली होती. जुन्या लुगड्याची, साडीची, आपापल्या रंगाची. पोतं भरलं की त्याचं तोंड त्या चिंधीनं बांधायचं, म्हणजे पोतं कुणाचं ते लांबून कळायचं. एक गाठ म्हणजे माल चोख. दोन गाठी म्हणजे शंका आहे. दोन गाठींचं पोतं मशीनकडं जात नसे. मुकादमानं स्वतः यायचं, जाळून बघायचं, हुंगायचं आणि आपल्या हातानं वरची गाठ सोडायची. हा नियम कागदावर कुठंही नव्हता, पण माझ्या आधीच्या मुकादमानं तो पाळला होता आणि मीही पाळला. एक वेळ सोडून. त्या एका वेळेबद्दल लिहायचं म्हणूनच ही लेखणी हातात घेतली आहे.

पण आधी थोडं भांडून घेतो.

लोकांना वाटतं, पर्यावरणासाठी काही विकत घेतलं की पर्यावरणाचं भलं झालं. मी आयुष्यभर दुकानाच्या उलट्या टोकाला उभा होतो, म्हणून मला त्या खरेदीची दुसरी बाजू दिसायची. एखाद्या वर्षी बांबूच्या डब्यांची टूम निघायची. महिनाभरात आमच्याकडं प्लॅस्टिकचे डबे पोत्यांनी यायचे. झाकण घट्ट, आत हळदीचा डाग, अजून पंधरा वर्षं सहज टिकले असते. धडधाकट डबा मोडीत काढायचा, कारण घरात आता हिरवा डबा आला! कापडी पिशव्यांचं तेच. कुठल्याही समारंभाला जा, कापडी पिशवी गळ्यात मारतात, वर झाड छापलेलं. आमच्या घरी दाराच्या मागं अशा इतक्या झाल्या की बायको एकदा वैतागून म्हणाली, "नयी थैली लेने से पुरानी का गुनाह धुलता क्या?" तिला व्याख्यानाला कुणी बोलावत नाही, ही शहराची चूक आहे.

आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. त्यांना पर्यावरण दिनाला पाहुण्यांना वाटायला फाइली करायच्या होत्या, जुन्या प्लॅस्टिकच्या दाण्यापासून. आणि पांढऱ्या शुभ्र पाहिजेत म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, शंभर रंगांच्या पिशव्या वितळवल्यावर पांढरं कुठून येणार? राखाडी येईल, मळकं हिरवं येईल." तो म्हणाला, "राखाडी बरं दिसत नाही. इकोफ्रेंडली वाटलं पाहिजे." आमच्या शेठनी मला डोळ्यानं खूण केली. आम्ही कोऱ्या दाण्याची पोती आणली, त्यात जुन्याची ओंजळ टाकली आणि पोत्यांवर तीन बाणांच्या त्रिकोणाचा, म्हणजे जुन्या मालाचा, ठप्पा मारला. तो ठप्पा मी माझ्या हातानं मारला. म्हणजे लेबल खोटं बोलू शकतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी पुढं मी लेबलावर विश्वास ठेवला. ह्याचा मला जास्त राग येतो.

कमलबाई आमच्याकडं निवडायला होती. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं राहायची, रूळ ओलांडून चालत यायची. चिंधी निळी. घरात बाबासाहेबांचा फोटो, मुलगी नर्सिंगला, नवरा गेलेला. शाळा चौथीपर्यंत. पण मी सांगतो, मराठवाड्यात तिच्यासारखं नाक नव्हतं. लायटर लावायच्या आधीच ती पुष्कळदा सांगून टाकायची.

एके दिवशी गारखेड्याच्या एका सोसायटीचा सुका कचरा आला. दुधाच्या पिशव्यांत बऱ्याच हिरव्या पिशव्या होत्या, मऊ, रेशमासारख्या, वर पानाचं चित्र. कमलबाईनं त्या सगळ्या वेचून वेगळं पोतं भरलं, निळ्या चिंधीला दोन गाठी मारल्या आणि मला हाक दिली.

"भाई, हे दुधाच्या पिशवीवानी दिसतंय, पन तसं नाय. वढून बगा, लगीच तुटतंय. अन् जाळल्यावर भाकरी करपल्याचा वास यायलाय."

मी हसलो. खरंच हसलो, मोठ्यानं, सगळ्या बायांसमोर. "कमलबाई, डबा खायची वेळ झाली. भूक लागलीय तुम्हाला."

बायाही हसल्या. कमलबाई हसली नाही. "तुमी हुंगा तरी," ती म्हणाली.

नेमका त्याच वेळी ह्या पिशव्या विकणारा एजन्सीवाला शेडमध्ये उभा होता. क्रांती चौकात त्याचं ऑफिस होतं, इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेचं. सोसायटीनं त्याला विचारलं होतं की ह्या पिशव्या भंगारात चालतात का, म्हणून तो आमच्याकडून होकार न्यायला आला होता. त्यानं पिशवी माझ्यासमोर धरली. "भाई, नंबर देखो. त्रिकोण में चार है. चार मतलब एलडी, आपकी दूध की थैली. मशीन में डालो तो दाना, मिट्टी में डालो तो खाद." मी चष्मा लावला. खरंच त्रिकोणात चार होता. चार म्हणजे दुधाच्या पिशवीचा माल, हे तर मीच बायांना शिकवायचो.

त्याच पिशवीवर 'खत होते' असंही छापलेलं होतं. जी पिशवी मातीत कुजते ती मशीनमध्ये पाइपाचा दाणा कशी होईल, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. हातात लायटर होता, नाक जागेवर होतं, आणि मी वाचत बसलो. जिची शाळा चौथीत सुटली तिनं बरोबर ओळखलं होतं. मी वरची गाठ सोडली आणि म्हटलं, "दुधाच्या मालात मिसळा."

पुढचं दोन दिवसांत कळलं. मशीनमधून धूर यायला लागला. शेवया मध्येच तुटायला लागल्या, दाण्यात तपकिरी ठिपके आले. मैद्या-मक्याच्या पिठासारखं काहीतरी त्या पिशवीत भरलेलं होतं, ते आत करपत होतं. शेठ म्हणाले, चालू द्या, काळ्या पाइपात कुणाला ठिपके दिसतात? माल गेला. पंधरवड्यानं पाइपवाला टेम्पो भरून पाइप परत घेऊन आला. त्यानं एक पाइप टाकीच्या तोटीला जोडून दाखवला. दहा जागी बारीक कारंजी उडाली. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते कारंजं बघवलं नसतं.

शेठ भडकले. उरलेल्या मालाच्या ढिगात त्यांना निळी चिंधी सापडली. ती हातात धरून ते शेडच्या मध्यभागी आले. "ये किसका है?"

"माजं हाय," कमलबाई म्हणाली. "पन शेठ, मी दोन गाठी मारल्या व्हत्या. भाईला सांगितलं व्हतं. भाई, तुमीच सांगा की."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी नोकरी संपायला थोडंच राहिलं होतं. पांढऱ्या फाइलींचा ठप्पा माझ्या हातचा होता, शेठ तो कधीही माझ्या अंगावर ढकलू शकत होते. नाकाचा मुकादम म्हणून माझं नाव होतं. ह्यातलं काहीही कारण म्हणून चालत नाही, पण त्या क्षणी ते सगळं डोक्यात होतं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

कमलबाईनं पदर खोचला, डबा उचलला आणि गेली. आसपासच्या शेडमध्ये बातमी तिच्या आधी पोचली, की ही बाई माल खराब करते. तिला कुणी घेतलं नाही. ती कुठं राहते हे मला माहीत होतं. रूळ ओलांडले की दुसरी गल्ली. मी कधी गेलो नाही. सोसायट्यांना मात्र 'हिरवी पिशवी घेऊ नका' असं सांगायला मी दोन-तीनदा गेलो, जणू त्यानं भरपाई होणार होती. कुणी ऐकलं नाही. मीही फार मोठ्यानं सांगत नव्हतो, कारण कुणी 'तुम्हाला कसं कळलं' असं विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

मी निवृत्त झालो. लायटर खिशातच राहिला, सवयीनं.

ह्या वर्षी त्याच गारखेड्याच्या सोसायटीतून वैशालीताई नावाच्या बाईंचा फोन आला. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी. रविवारी सकाळी पर्यावरणाचा कार्यक्रम आहे, प्लॅस्टिकवर बोलायला या, म्हणाल्या. गेलो. हॉलच्या दारात हिरवे फुगे लावलेले. फुगे! आत गेल्यावर गळ्यात कापडी पिशवी आली, तीवर कार्यक्रमाचं नाव आणि तारीख, म्हणजे पुढच्या वर्षी नवी छापावी लागणार. पिशवीत बांबूचा ब्रश, तो प्लॅस्टिकच्या वेष्टनात. आणि एक रोल हिरव्या पिशव्यांचा. मऊ, रेशमासारख्या, पानाचं चित्र. मी एक ओढून पाहिली, लगेच तुटली.

वैशालीताई माइकवर सांगत होत्या, "आपण सगळ्यांनी घरातले प्लॅस्टिकचे डबे काढून टाकले. आता ओला कचरासुद्धा ह्याच पिशव्यांत भरून पार्किंगमागच्या खड्ड्यात जातो. महाग पडतात, पण निसर्गासाठी एवढं करायलाच हवं." टाळ्या. त्या बाई वाईट नव्हत्या. मनापासून बोलत होत्या, म्हणून तर माझा संताप कुणावर काढावा ते मला कळेना. मग त्या माझ्याकडं वळल्या. "भाई, आमची एकच अडचण आहे. वर्ष झालं, खत काही होत नाही. आमच्या बाई खड्डा नीट हलवत नाहीत. पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरी बाई बघतोय, पण त्याआधी तुम्ही त्यांना जरा शिकवा. कमलबाई, या हो इकडे."

मागच्या दारातून कमलबाई आली. केस पांढरे झालेले, हातात रबरी मोजे. तिनं मला ओळखलं. नमस्कार केला नाही, आणि का करावा?

"सांगा ना कमलबाई, का होत नाही खत?" वैशालीताई म्हणाल्या.

"ताई, मी रोज हलवायले," ती म्हणाली. "भाजी कुजती, पिशवी कुजत नाय. वर्सापूर्वीची पिशवी हाय तशी हाय, रंग बी नाय गेला. मी सांगितलं तर तुमी म्हणता पुडक्यावर लिहिलंय."

म्हणजे एकाच पिशवीनं ह्या बाईची एक नोकरी घेतली होती आणि आता दुसरी घ्यायला निघाली होती. पहिल्यांदा ती कुजणारी निघाली म्हणून, दुसऱ्यांदा ती कुजत नाही म्हणून. आणि दोन्ही वेळा खरं तीच बोलत होती, आणि दोन्ही वेळा लोक पुडकं वाचत होते.

मी माइक घेतला. रोल उलटा करून, चष्मा लावून, अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं मोठ्यानं वाचलं: ही पिशवी फक्त औद्योगिक खतप्रकल्पातच कुजते. मी विचारलं, "आपल्या पार्किंगमागं कारखाना आहे का? खूप उष्णता लागते ह्याला, चुलीवर भांडं ठेवावं तशी. कमलबाईनं दिवसभर फावडं मारलं तरी ती यायची नाही."

मला तिथंच थांबता आलं असतं. शहाणा माणूस म्हणून नारळ घेऊन घरी गेलो असतो. पण कमलबाई समोर उभी होती.

"आणि दुसरं," मी म्हणालो, "ही पिशवी खोटी आहे हे ह्या बाईनं मला काही वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. माल खराब झाला, तेव्हा शेठसमोर मी म्हणालो, मला आठवत नाही. मला आठवत होतं. चूक माझी होती आणि काम ह्यांचं गेलं."

वैशालीताईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा रोलकडं पाहिलं, एकदा कमलबाईकडं. आणि विचारलं, "मग आम्ही कुठली पिशवी घ्यायची?"

मला हसावं की रडावं कळेना. एवढं सगळं ऐकून प्रश्न काय, तर कुठली घ्यायची! "कुठलीच नाही," मी म्हणालो. "घरात डब्याला झाकण आहे ना? ओला कचरा त्यात भरा, खड्ड्यात उलटा करा, डबा धुऊन ठेवा. आणि उद्या कुणी नवीन हिरवी वस्तू घेऊन आला तर त्याला एवढंच विचारा, की माझ्या हातातून गेल्यावर ही कुणाच्या हातात पडणार? त्याला सांगता आलं नाही तर त्या हातालाच विचारा. तो इथंच असतो, तुमच्या पार्किंगच्या मागं."

कार्यक्रम संपल्यावर मी खड्ड्याजवळ गेलो. कमलबाई मोजे धूत होती. मी म्हटलं, "कमलबाई, माफ करा."

तिनं नळ बंद केला. "इथं सांगून काय उपयोग भाई? ह्या बाया मला कालपरवा वळखायल्या. माजं नाव शेडात गेलं. शेठसमोर गेलं, आमच्या बायांसमोर गेलं. तिथं सांगा."

"उद्या सकाळी चला माझ्याबरोबर."

"मी येते," ती म्हणाली. "पन बोलायचं तुमी."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी कारखान्याच्या दारात उभी होती. शेड तसंच होतं. बाया बऱ्याचशा त्याच. शेठ म्हातारे झालेत, खुर्चीवर बसून असतात. मी मशीन बंद करायला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. आणि सांगितलं. दोन गाठी होत्या. वरची मी सोडली. जाळून पाहिलं नाही, हुंगलं नाही. हसलो. आणि मग खोटं बोललो.

शेठ म्हणाले, "अब क्यूं बोल रहे भाई? इतने साल बाद?"

एक म्हातारी बाई उठली, दाराच्या खांबापाशी गेली. तिथं खिळ्यांवर रिकाम्या चिंध्या लटकलेल्या असतात. एका खिळ्यावर निळी चिंधी होती, धुळीनं भरलेली. ती बाई म्हणाली, "कुणी घेतला नाय हा रंग. दोन गाठी व्हत्या ते आमी बी बगितलं व्हतं, कमल. बोललो नाय."

कमलबाईनं चिंधी झटकली. शेठ म्हणाले, "आजा वापस. कल से."

"येयाचं का नाय ते मी बगीन," ती म्हणाली. "पन दोन गाठी मारल्यावर त्या सोडनार कोन? वाचनारा का हुंगनारा?"

तिनं माझ्यासमोर हात पसरला. "लायटर द्या."

मी खिशातून काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं शेजारच्या ढिगात हात घातला, बघायचंही कारण नव्हतं, मऊ लागली ती हिरवी पिशवी ओढून काढली, तिचं टोक पेटवलं, फुंकर मारून विझवलं आणि धूर माझ्या नाकाखाली धरला.

"आता सांगा भाई. कशाचा वास यायलाय?"

बाया थांबून बघत होत्या.

"भाकरीचा," मी म्हणालो. आणि मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा, मोठ्यानं म्हणालो.